कप जागेवर आहे

पाण्यात बुडी मारायच्या नव्या सूटच्या रबरी गळपट्टीत नॉर्बर्ट पिलार्स्कीचं डोकं अडकलं होतं. आत गेलं होतं, पण बाहेर यायचं नाव घेत नव्हतं. बोटीच्या कठड्याला टेकून त्याचा जुना मित्र ऑगी क्राउझ कॉफी पीत ही गंमत बघत होता.

"जोर लाव लेका! जन्माला येतानाही आईला एवढाच त्रास दिला होतास का?"

आतून काहीतरी उत्तर आलं. ती शिवीच असणार, कारण मार्सी हसली, आणि पुढे होऊन तिने दोन्ही हातांनी पट्टी ताणली तेव्हा कुठे बापाचं डोकं बाहेर आलं. चेहरा लालबुंद, पांढरे केस चहूकडे उभे.

"आमच्या वेळचे सूट बरे होते," नॉर्बर्ट म्हणाला. "पाणी आत यायचं, दात वाजायचे, पण गळा तर आवळत नव्हता."

"हो, आणि आतलं पाणी गरम करायला तुम्ही सगळे काय करायचात तेही मला माहीत आहे," मार्सी म्हणाली.

ऑगीला हसताहसता ठसका लागला. "हे तुला कोणी सांगितलं गं?"

"मॉमने."

मॉम म्हणजे नॉर्बर्टची बायको आयरीन. तिचा विषय निघाला तसा नॉर्बर्ट गळपट्टी सारखी करायला लागला. मग ऑगीने उरलेली कॉफी पाण्यात ओतली आणि इंजिन सुरू केलं.

रॉजर्स सिटीच्या धक्क्यावरून बाहेर पडलं की डाव्या हाताला चुनखडीच्या खाणीचे पांढरे ढीग दिसतात आणि समोर नुसतं पाणी. ह्युरॉन सरोवराला तळं म्हणायचं ते केवळ गोडं पाणी आहे म्हणून. पलीकडचा काठ कॅनडात, आणि मनात आलं तर हे तळं भलंमोठं मालवाहू जहाज गिळून ढेकरही देत नाही. नॉर्बर्टचा सगळा जन्म त्या खाणीत गेला आणि सगळे उन्हाळे या पाण्यात. निदान आयरीनच्या कानाचा पडदा फाटेपर्यंत. तिला डॉक्टरांनी पाण्यात जाणं बंद केलं त्या दिवशी त्यानेही आपल्या हवेच्या टाक्या विकून टाकल्या. लोकांनी समजावलं, दुसरा जोडीदार बघ, बुडी मारणाऱ्यांच्या क्लबात ढीगभर माणसं आहेत. दुसरी बायको बघ म्हणावं तसं ते त्याला ऐकू आलं होतं.

आता आयरीनही नव्हती. आणि यंदा वसंतात डॉक्टरने नॉर्बर्टच्या हृदयाचा आलेख टेबलावर पसरून सांगितलं होतं, की मुलीबरोबर सराव करतोयस ते ठीक, एवढा उन्हाळा एकदा उथळ पाण्यात जाऊन ये, पण पुढच्या वर्षी माझी सही मागायला येऊ नकोस. मार्सी राहायची पार ग्रँड रॅपिड्सला, दातांच्या दवाखान्यात लोकांची किटणं खरवडायची, तिला सुट्टी मिळाली ती याच शनिवार-रविवारची. म्हणजे जे काय करायचं ते या दोन दिवसांत. पुन्हा नाही.

करायचं एकच होतं. 'एमेलिन ग्रोव्ह'मधल्या कपाला हात लावायचा होता.

'एमेलिन ग्रोव्ह' हे दोन डोलकाठ्यांचं जुनं लाकडी जहाज. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या वादळात नदीच्या मुखासमोर बुडालं. खलाशी होडीतून सुखरूप काठाला लागले, मांजरसुद्धा वाचलं, आणि म्हणूनच या जहाजाकडे कोणी ढुंकून बघत नाही. बुडालेल्या जहाजांचे शौकीन लांबलांबून येतात खरे, पण त्यांना निदान एखादा बुडालेला कप्तान लागतो. शिवाय त्या जागी नदी आपलं चहाच्या रंगाचं गढूळ पाणी ओतायची. आपला हात लांब केला तर आपलीच बोटं दिसायची नाहीत. क्लबातले लोक नाक मुरडायचे आणि स्वच्छ पाण्यातल्या जहाजांकडे जायचे. राहिले नॉर्बर्ट आणि आयरीन. खाणीतल्या पगारात लांब जाणं परवडायचं नाही हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे तिथे दुसरं कोणी नसायचं.

ती दोघं हातात हात घालून उतरायची. गढूळ पाण्यात तसंच उतरावं लागतं, हात सुटला की माणूस गेला. डोळ्यांचा उपयोग नाही, तोंडात नळी, म्हणजे बोलायचं ते हातानेच. एकदा दाबलं की 'ठीक आहेस ना?' दोनदा दाबलं की 'थांब.' जोरात ओढलं की 'वर चल, मुकाट्याने.' उरलेल्या हाताने जहाज चाचपायचं. असं करत करत त्यांनी सगळं जहाज पाठ केलं आणि त्याच्या एकेका भागाला आपल्या मनाने नावं दिली. कठड्याच्या तुटक्या खुंट्यांची रांग म्हणजे 'म्हातारीचे दात'. मग लोखंडी 'चूल'. चुलीपासून डावीकडे वळलं की लांबलचक 'बाक'. बाकाच्या टोकाला डेकमधलं चौकोनी भोक, आणि त्यात खांद्यापर्यंत हात घातला की तुळई आणि बाजूची फळी यांच्यामधली एक खोबण लागायची. ते 'फडताळ'.

आयरीनला तो कप चिखलात सापडला होता. जाड, पांढऱ्या चिनी मातीचा, खलाशी वापरायचे तसला, काठाला अंगठ्याएवढा टवका उडालेला. म्हणजे पांढरा असावा. त्यांनी तो पाहिला कधीच नाही. वर काहीही न्यायचं नाही हा तिचा नियम, तेव्हा असा कायदा करायचं कोणाच्या मनातही नव्हतं. तिने चाचपून चाचपून त्याला जागा शोधली आणि फडताळात ठेवून दिला. त्यानंतर दरवर्षी पहिल्या बुडीला सगळ्यात आधी तिथे जायचं. जो पुढे असेल त्याने हात आत घालायचा, कप लागला की दुसऱ्याचा हात दाबायचा: एकदा लांब, दोनदा थोडकं. कप जागेवर आहे. याला उत्तर नसायचं. दुसऱ्याने फक्त हात धरून राहायचं, आणि दोघांनी वर यायला लागायचं.

पुढेपुढे ती खूण पाण्याबाहेरही आली. कोणाच्या तरी लग्नात भाषण लांबलं, की टेबलाखाली आयरीनचा हात यायचा: एकदा लांब, दोनदा थोडकं. सगळं बरं आहे, आपलं काही राहिलेलं नाही, चला घरी. नॉर्बर्ट लगेच कोटाकडे हात करायचा. ही खूण त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. असं सांगायचं तरी काय?

लहानगी मार्सी त्या वेळी ऑगीच्या बोटीवर बसून बुडबुडे मोजायची. ऑगी तिला पत्ते शिकवायचा, हरवायचा आणि वर चिडवायचा. आईबापाचं पाण्याखाली एक दुसरं घर आहे आणि आपल्याला तिथे नेत नाहीत, असं तिला वाटायचं. हे तिने बापाला परवा परवा सांगितलं, पाण्यात उतरायला शिकल्यावर. तीही शिकली कधी, तर आई गेल्यानंतर, चाळिशी उलटल्यावर, कोणाला न सांगता.

आई गेली तेव्हा दवाखान्यात तिच्यापाशी मार्सीच होती. नॉर्बर्ट कपडे बदलायला घरी आला होता. परत पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अर्धांगाच्या झटक्याने आयरीनची वाचा तर आधीच गेली होती. "शांतपणे गेली," एवढंच मार्सी म्हणाली. त्या सकाळबद्दल ती त्यानंतर कधी बोलली नाही आणि विचारणं नॉर्बर्टच्या जिवावर यायचं.

ऑगीने बोट नदीच्या मुखासमोरच्या तरंगत्या पिंपाला बांधली. पूर्वी हे पिंप नव्हतं, अंदाजाने नांगर टाकावा लागायचा.

"उतरा राजेसाहेब," तो म्हणाला. "तुमचा महाल वाट बघतोय. आणि एक सांगून ठेवतो, पाणी बघून फेफरं येऊ देऊ नकोस."

नॉर्बर्टने वाकून पाहिलं आणि तो कठडा धरूनच उभा राहिला. जहाज दिसत होतं! बोटीवरून! सगळंच्या सगळं, निमुळत्या टोकापासून चौकोनी शेपटापर्यंत, हिरव्या काचेखाली ठेवल्यासारखं.

"हे त्या शिंपल्यांमुळे," ऑगी म्हणाला. "परदेशी जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आल्या, नखाएवढ्या, आणि सगळं तळं गाळून बसल्या. पाणी इतकं स्वच्छ केलं की माशांना खायला काही ठेवलं नाही मेल्यांनी."

नॉर्बर्टला आधी आनंदच झाला. मनात म्हणाला, हे तर फारच सोपं झालं. दिसतंय की सगळं.

आणि तिथेच घोडं अडलं. दोघं दोरी धरून पन्नासेक फूट खाली आली, आणि नॉर्बर्टला कळेना की आपण कुठे आहोत. जहाज एवढंसं होतं. त्याच्या हातांच्या आठवणीत ते चर्चएवढं होतं, इथे एका नजरेत मावत होतं. आणि सगळ्यावर, अगदी इंचाइंचावर, तपकिरी पट्टेरी शिंपल्यांचा जाड थर होता. काठ नाही, कोपरा नाही, लाकूड नाही की लोखंड नाही. भोपळ्याच्या बिया गुळात घोळून कोणीतरी जहाजभर थापल्या होत्या. चूल कुठे? बाक कुठे? पलीकडून मार्सी हाताचा गोल करून 'ठीक?' म्हणून विचारत होती. पार दोन खोल्यांच्या अंतरावरून! आता हात धरायची गरजच कोणाला नव्हती.

तो पुढे गेला, मागे आला. डेकमध्ये चौकोनी भोकं एक नव्हे, बरीच होती. त्याने दोनतीन भोकांत हात घातला. शिंपल्या हातमोज्याला लागून करकरल्या, पलीकडे मोकळं पाणी. असा किती वेळ फिरला कोण जाणे. मार्सीने जवळ येऊन टाकीतल्या हवेच्या काट्यावर बोट ठेवलं आणि अंगठा वर केला. वर चल. लहान पोराला जत्रेतून घरी न्यावं तसं तिने त्याला वर आणलं.

बोटीवर आल्यावर ऑगीने धुरावलेला व्हाइटफिश मासा आणि खारी बिस्किटं पुढे ठेवली. नॉर्बर्टने हात लावला नाही.

रविवारी पाण्यात जायचं म्हणून त्यांनी शनिवारी संध्याकाळीच चर्चमध्ये जाऊन मिस्सा उरकली. नॉर्बर्ट बाकावर आपल्या डाव्या बाजूला जागा सोडून बसला, नेहमीसारखा. प्रवचन लांबलं. त्याचा हात त्या रिकाम्या जागेवर पालथा पडून होता. मार्सीच्या ते नजरेला आलं, पण ती समोर बघत राहिली.

तिथून तिघं कोपऱ्यावरच्या बारमध्ये तळलेला पर्च मासा खायला गेली. बियरचा पहिला पेला पोटात गेल्यावर नॉर्बर्टचा राग बाहेर आला.

"कोणीतरी हलवलंय. चूलच जागेवर नाही! चूल म्हणजे काय सुई आहे का हरवायला?"

"डॅड," मार्सीने हळूच म्हटलं, "तिथे चूल नाहीये."

"तेच म्हणतोय मी!"

"नव्हतीच. तू म्हणतोस तिथे पुढच्या टोकाला लोखंडी आडवं काहीतरी आहे ना, तो नांगर ओढायचा रहाट आहे. चूल डेकवर कशाला असेल?"

ऑगी इतका हसला की शेजारच्या टेबलावरच्या बाया वळून बघायला लागल्या. "रहाट! अरे, लग्नाच्या वाढदिवसाला दोघं चुलीपाशी जाऊन बसायचात ना रे? वर येऊन मला सांगायचात, काय ऊब होती म्हणून!"

"होतीच," नॉर्बर्ट फणकारला. "तुला काय कळणार त्यातलं?"

पण त्याला लागलं होतं. रहाट. इतकी वर्षं. आयरीनला हे सांगितलं असतं तर ती गुडघ्यावर थापा मारत हसली असती, आणि मग म्हणाली असती, असू दे, आपली चूलच. ती नव्हती, म्हणून तो नुसता रहाट झाला. त्याने ताटली बाजूला सारली.

"मला सांग तरी, कसं जायचात तुम्ही," मार्सी म्हणाली. "अगदी पहिल्यापासून."

"सांगून काय उपयोग? सांगितलं होतं की."

"पुन्हा सांग."

तो सांगायला लागला. नांगराच्या दोरीने उतरायचं, टोकापाशी यायचं. उजव्या हाताला दात. एक, मग एक तुटका, मग दोन जवळजवळ. मग पोट घासत पुढे, चूल, तिला गोल वळसा... सांगता सांगता त्याचा उजवा हात टेबलावरून पुढे सरकत होता, मिठाची बाटली ओलांडून, व्हिनेगरला वळसा घालून, ऑगीच्या पेल्याला जराही धक्का न लावता.

"डॅड."

"काय?"

"तू डोळे मिटलेयस."

त्याने डोळे उघडले. हात टेबलाच्या कडेखाली गेला होता, बोटं कशाभोवती तरी वाकलेली.

"तू ते जहाज कधी पाहिलंच नव्हतंस," मार्सी म्हणाली. "आज पहिल्यांदा पाहिलंस. मग ओळखशील कसा?"

ऑगीनेही या वेळी थट्टा केली नाही. तो पेला फिरवत म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत वारा वायव्येचा होणार. एकच बुडी मिळेल. मी बोट टोकाच्या बाजूला नांगरतो, पूर्वीसारखी. पिंप गेलं खड्ड्यात."

"डोळे मिटून?" मार्सीने बापाकडे बघितलं. "मला जे जे शिकवलंय त्याच्या हे अगदी उलटं आहे."

"तुझे असतील ना उघडे."

"हात सोडायचा नाही. एक क्षणसुद्धा."

"हा नियम तू मला सांगतेस?" नॉर्बर्ट म्हणाला, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसला.

रविवारी सकाळी तळं कुरकुरायला लागलं होतं. लाटा लहान, पण एकीला एक लागून. ऑगी सारखा आभाळाकडे बघत होता. गळपट्टी या खेपेला मार्सीने न विचारता ताणली. दोघं पाण्यात उतरली, तिने त्याचा डावा हात पकडला आणि नांगराच्या दोरीने ती खाली निघाली. वरचं ऊबदार पाणी संपलं आणि थंड पाणी गालांना चावलं, तेव्हा नॉर्बर्टने डोळे मिटून घेतले.

आधी भीतीच वाटली. त्या काळी अंधार बाहेर होता, आता तो आपण मुद्दाम केला होता, आणि मुद्दाम केलेल्या अंधारावर भरवसा बसत नाही. मग स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू यायला लागला. आत, बाहेर. शेजारी दुसरा श्वास. गुडघा कशाला तरी टेकला. त्याने उजवा हात पुढे केला, पण जाड हातमोज्यातून सगळंच सारखं लागत होतं. त्याने हातमोजा दातांनी ओढावा म्हटलं तर तोंडात नळी. मार्सीला कळलं असावं. तिने मोकळ्या हाताने तो काढून घेतला.

थंडीने बोटं ठणकली. शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या. पण थराखाली, आत कुठेतरी, आकार होता. हा एक दात. हा तुटका. हे दोन जवळजवळ. नमस्कार, म्हातारे! त्याचं काळीज धडधडायला लागलं, आणि डॉक्टरचा आलेख आठवून त्याने जरा दम खाल्ला. मार्सीने हात एकदा दाबला. ठीक आहेस ना? ही खूण कोणीही करेल अशीच होती. त्यानेही एकदा दाबला.

चूल. चूलच ती, म्हणू देत रहाट. तिला वळसा, डावीकडे. इथून बाक सुरू व्हायला हवा होता. झाला नाही. त्याने हात लांब केला, आणखी लांब केला. नुसतं पाणी. तळवा आता इतका गारठला होता की त्याला काही कळतच नव्हतं. डोळे उघडावेत असं फार वाटलं. उघडले असते तर ते स्वच्छ, अनोळखी जहाज पुन्हा समोर आलं असतं, आणि मग संपलंच. शेवटच्या शेवटी आपण हरवलो, हे मनात येऊन त्याला रडू फुटायची वेळ आली.

तेव्हा त्याला आठवलं, की आयरीन तळव्याने कधी चाचपायचीच नाही. ती हाताची पाठ लावायची, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. त्यावरून तो तिला चिडवायचा. त्याने हात उलटा केला आणि हळूहळू खाली सोडला. बोटांच्या पेरांना लांब सरळ कड लागली. बाक खचला होता, एवढंच. मधल्या बर्फाळ हिवाळ्यांनी त्याला वीतभर खाली बसवलं होतं.

बाकाचं टोक. भोकाची कड. तो पोटावर आडवा झाला आणि त्याने खांद्यापर्यंत हात आत घातला. तुळई. फळी. खोबण शिंपल्यांनी गच्च भरली होती, त्यांच्यामध्ये एक गोल उंचवटा. त्याने पेरं फिरवली. शिंपल्या, शिंपल्या, मग एक वाकलेली दांडी, आणि वर काठापाशी, जिथे का कोण जाणे एकही शिंपली चिकटली नव्हती, तिथे एक गुळगुळीत खाच. अंगठा तिच्यात टेकला आणि बसला.

त्याने कपाला साफ केलं नाही, हलवलं नाही. तसाच पडून राहिला. आणि मग त्याच्या डाव्या हाताने, त्याला न विचारता, जुनं काम केलं. एकदा लांब, दोनदा थोडकं.

मार्सीचा हात ताठ झाला. दोरीला हिसका बसावा तसा. मग तिने त्याची बोटं अशी आवळली की त्याला दुखलं.

वर येताना, दोरीला धरून थांबायचं असतं तिथे थांबल्यावर, त्याने डोळे उघडले. मार्सीच्या मास्कमध्ये पाणी होतं. ते बाहेरून आलेलं नव्हतं.

ऑगीने दोघांना बोटीवर ओढून घेतलं. नॉर्बर्टची बोटं चिरली होती, पाण्याखाली हिरवट वाटलेलं रक्त इथे लाल झालं. "सापडला का रे?" ऑगीने विचारलं.

"आहे," नॉर्बर्ट म्हणाला. "जागेवर आहे."

"मला तर शिंपल्यांचा गोळा दिसला," मार्सी म्हणाली, पण तिचं लक्ष भलतीकडेच होतं. ऑगी नांगर ओढायला पुढे गेला तशी ती बापासमोर ओल्या फळ्यांवरच बसली. "डॅड, खाली तू माझा हात दाबलास. लांब, आणि मग दोन लहान. ते काय होतं?"

"ते? ते आमचं काहीतरी. सवय."

"काय होतं ते?"

तिचा आवाज ऐकून तो दचकला. त्याने सांगितलं. कप लागला की करायच्या खुणेचं, लग्नातल्या भाषणांचं. कप जागेवर आहे. सगळं बरं आहे. आपलं काही राहिलेलं नाही.

मार्सीने तोंडावर हात घेतला.

"ती तेच करत होती," ती म्हणाली. "त्या सकाळी. बोलता येत नव्हतं तिला. माझा हात धरून सारखं तेच. लांब, दोन लहान. मला वाटलं तिला काहीतरी हवंय. मी पाणी लावलं ओठांना. उशी बदलली. नर्सला बोलावलं. खिडकी उघडली. ती पुन्हा तेच करायची, आणि मला कळेना! इतकी वर्षं मला वाटतंय की ती काहीतरी मागत होती आणि मी दिलं नाही. तुला सांगायचं धाडस नाही झालं."

"अगं पोरी," नॉर्बर्ट म्हणाला. "अगं पोरी, तिला काही नको होतं."

"पण मी उत्तर दिलं नाही. मला माहीतच नव्हतं काय उत्तर द्यायचं."

बोट हेलकावत होती. पुढे ऑगी साखळीला शिव्या घालत होता. नॉर्बर्टने आपला चिरलेला हात पुसला आणि मुलीचा हात घेतला.

"तू तिचा हात सोडला होतास का?"

"नाही." तिने मान हलवली. "नर्स सोड म्हणाली तरी नाही. नंतरही किती वेळ नाही."

"मग दिलंस की उत्तर," तो म्हणाला. "खाली दुसरं उत्तर नसतंच. हात धरून राहायचं, बस."

मार्सीने बापाच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकलं. ऑगी नांगर घेऊन मागे आला, आणि त्याने दोघांकडे पाहिलं. वारा वायव्येचा झाला होता. त्याने बोट वळवली, आणि धक्का येईपर्यंत त्या दोघांनी हात सोडले नाहीत.